आजारपणाचा भार कोणी वाहावा?

घरात आजारपण आले की दोन प्रश्न उभे राहतात. खर्च कोणी द्यावयाचा, हा एक. आणि उपचार मिळावयाचे कोठे, हा दुसरा. सार्वजनिक आरोग्यसेवा की खाजगी विमा, या वादात पहिल्याचीच चर्चा फार होते.

विम्याचे तत्त्व साधे आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचा भार त्यातून उचलावा. मतभेद आहे तो वर्गणी कशावरून ठरवावी, याविषयी. खाजगी विम्यात ती जोखमीवरून ठरते. तिशीत हप्ता हलका वाटतो; साठी उलटली, मिळकत थांबली आणि दुखणी सुरू झाली की नेमका तेव्हाच तो जड होतो. ही कंपनीची लबाडी नव्हे. आजारी माणसांनीच तेवढा विमा उतरविला तर निधी टिकावयाचा नाही, हा तिचा हिशेब आहे.

उलट बाजूचा विचार सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली मांडला : पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. ब्रिटनने १९४८ साली मुख्यतः करांवर चालणारी राष्ट्रीय सेवा सुरू केली. आपल्याकडे त्याच वर्षी कामगार राज्य विमा कायदा झाला. त्याचे मर्म असे की, वर्गणी पगाराच्या प्रमाणात आणि उपचार गरजेच्या प्रमाणात. २०१९ साली ठरलेल्या दराने कामगार पगाराच्या पाऊण टक्का देतो, मालक सव्वातीन टक्के. कामगार धडधाकट आहे की मधुमेही, यावर वर्गणी ठरत नाही. मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथील कामगार रुग्णालये याच योजनेतली.

मात्र येथेही दोन उणिवा दिसतात. हक्क नोकरीशी बांधलेला आहे. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातले अनेक कारखाने बंद पडले. नोकरी मध्येच सुटली की थोड्या मुदतीनंतर हा हक्कही संपतो. दुसरी उणीव अंधेरीने दाखविली. १७ डिसेंबर २०१८ रोजी तेथील कामगार रुग्णालयास आग लागली, माणसे दगावली आणि रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. कामगारांची वर्गणी कापली जातच होती. जवळची खाट तेवढी गेली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा व संरक्षणाची मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. हक्क नोकरीपासून सुटला, हे मोठे पाऊल होय. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. बहुतेक खाजगी विम्याचेही तसेच. रक्तदाबाची रोजची गोळी, रक्ताची तपासणी, डॉक्टरांची फी हा खर्च बहुधा खिशातूनच जातो. तेथे उपयोगी पडतो तो महानगरपालिकेचा दवाखाना. आणि कोणतेही कार्ड नसलेल्या माणसास घाटकोपरचे राजावाडी किंवा विलेपार्ल्याचे कूपर.

तात्पर्य, विमा बिल भागवितो. दवाखाना चालवीत नाही. सार्वजनिक सेवा हे जोते आणि खाजगी विमा हा ज्याला परवडेल त्याने चढवावयाचा मजला. म्हणून नवी योजना जाहीर झाली की रकमेच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : नोकरी गेल्यावर ती राहील काय, म्हातारपणी परवडेल काय, आणि आपल्या वस्तीजवळ खाट व डॉक्टर आहेत काय?