लोखंड-रबराची सोयरीक

रबर म्हटले की आपणा विद्यार्थ्यांना आठवते ते खोडरबर. गंमत अशी की, या पदार्थाचे इंग्रजी नावही त्यावरूनच पडले. शिसपेन्सिलीचे लिखाण याने घासून पुसता येते, ही गोष्ट जोसेफ प्रिस्टले या शास्त्रज्ञाने १७७० साली नोंदवली आणि घासणारा तो ‘रबर’ झाला. पण कोल्हापुरात राहून रबराची ओळख तेवढ्यावरच थांबावी हे बरे नव्हे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्या सर्वांना ठाऊक आहेत. तेथल्या लोखंडाला साथ देणारे रबराचे लहान लहान कारखाने मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या मी अशाच एका कारखान्यात जुळणीच्या कामावर होतो. (आय. टी. आय. च्या माहितीपुस्तकात फिटरला ‘जोडारी’ असा सुरेख शब्द आहे. हजेरीपत्रकात आम्ही सारे ‘हेल्पर’च!)

आमचा मुख्य माल म्हणजे बुश. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी लहान नळी आणि दोहोंच्या मध्ये रबर. गाडीच्या सांध्यात हा बुश बसतो आणि रस्त्याचे हादरे स्वतः खातो. याखेरीज पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या चकत्या, इंजिनाच्या रिंगा असे किरकोळ काम असे. नदीवरच्या मोटारीने पाणी ओढणे सोडले की शेतकरी आधी मोटारीला शिव्या देतो, पण पुष्कळदा दोष त्या वीतभरही नसलेल्या चकतीचा असतो.

कच्चे रबर उन्हात चिकट होते व थंडीत कडक होते. ते कामाचे झाले ते गंधकामुळे. गंधक मिसळून तापवलेले रबर लवचीक राहते आणि पाघळत नाही, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला १८३९ साली आढळले. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले, पण १८६० मध्ये तो वारला तो कर्जातच. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ साली, आणि तिचा त्याच्याशी किंवा त्याच्या घराण्याशी काही संबंध नव्हता. गंधक नेमके काय करते? उसाची कांडी नुसती पसरून ठेवली तर एकमेकांवरून घसरतात. वाढ्याने मोळी बांधली की एकत्र राहतात. रबराचे लांबच लांब रेणू असेच सुटे असतात, आणि गंधक त्यांना जागोजागी गाठी मारते. या गाठी पक्क्या असतात. भाजलेल्या भाकरीचे जसे पुन्हा पीठ होत नाही, तसे शिजलेले रबर पुन्हा मळता येत नाही. म्हणून बिघडलेला नग सरळ भंगारात जातो.

मिक्सिंग मिलच्या दोन रुळांमध्ये रबर मळतात. त्यात काजळी, झिंक ऑक्साइड, गंधक वगैरे घालतात. आमचे काम त्याच्या पुढचे. तयार पट्टीचे तुकडे कापून तराजूत तोलायचे. वजन कमी पडले तर नगाला खड्डा राहतो, जास्त झाले तर साच्याच्या फटीतून पापुद्रा बाहेर येतो. मग नळ्या व तुकडे साच्यात मांडून प्रेसखाली सारायचे. उष्णता दीडशे अंशांच्या आसपास. कोंडलेली हवा निघावी म्हणून प्रेस दोन-तीनदा उघडून पुन्हा दाबायचा, आणि मग नगाच्या जाडीप्रमाणे काही मिनिटे वाट पाहायची.

खरी नजाकत आहे ती लोखंड आणि रबर एकमेकांना धरतात त्यात. ही सोयरीक आपोआप जुळत नाही. नळीवरचे तेल धुऊन काढायचे, बारीक खड्यांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करायचा, मग बाँडिंगच्या रसायनाचे एकावर एक असे दोन हात द्यायचे आणि ते पुरते वाळू द्यायचे. तोवर धूळ बसता कामा नये की हात लागता कामा नये. पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाले, “पोरा, बोटाचं त्याल त्या लोखंडाला चालत न्हाई बघ. मोजे घाल.” परीक्षा साधी असते. गठ्ठ्यातला एक नग घेऊन रबर पकडीने ओढायचे. रबर फाटले आणि लोखंडावर त्याचा थर राहिला, तर बाँड उत्तम. लोखंड स्वच्छ, चकचकीत दिसले, तर लेपातच खोट आहे.

या धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिलच्या रुळांना बोट आणि रबर यांतला फरक कळत नाही. म्हणून हाताशी थांबवण्याचा दांडा असतो, आणि तो चालतो की नाही हे रोज सकाळी पाहणे हे सर्वांत महत्त्वाचे काम, असे मी मानतो. धुराची गोष्ट याहून अवघड, कारण तो लगेच काही करीत नाही. इंग्लंडात रबर टिकावे म्हणून घालण्याच्या एका रसायनात बीटा-नॅफ्थिलअमाइन असे. त्यामुळे कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे ध्यानात आल्यावर ते रसायन १९४९ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. रबर-उद्योगातील काम हेच कर्करोगाचे कारण असल्याचे फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. आमच्या प्रेसवर धूर ओढणारा पंखा होता, पण विजेचे बिल येते म्हणून तो बहुधा बंद असे. ‘सवय होते’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. सवय नाकाला होते. फुप्फुसाला व मूत्राशयाला होते असे कुणी सांगितलेले नाही.

साच्यातून निघालेल्या नगाचा पापुद्रा कापायला बायका बसतात. कात्री आणि ब्लेड यांवर त्यांचा हात इतका बसलेला असतो की, बोलता बोलता नग फिरतो आणि पापुद्रा सलग साप निघावा तसा उतरतो. मजुरी नगावर. गिऱ्हाइकाकडून माल परत आला की आमच्याकडे त्याची वजावट या बायकांच्या हिशेबातून होई. ब्लेड लागून रबर चिरले असेल तर चीर कडेला दिसते; बाँड सुटला असेल तर आतले लोखंड चकचकीत दिसते. दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही. दुसऱ्या वर्षी परत आलेल्या खोक्यातले दहा नग मी व एका मावशींनी जेवणाच्या सुट्टीत पकडीने उकलून पाहिले. नऊ नगांचे लोखंड आरशासारखे होते. ते आम्ही सुपरवायझरच्या टेबलावर मांडून ठेवले. त्या आठवड्यात वजावट झाली नाही. पुढच्या आठवड्यात माझी सुट्टी संपली.