पत्र घेऊन जीपीओत जा

पालघर, बोईसर, तारापूरहून मुंबईला जाणारा माणूस बहुधा कामासाठीच जातो. दवाखाना, कोर्ट, परीक्षा, सरकारी कागद. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि ही ये-जा सोपी झाली. फोर्टातलं काम लवकर आटोपलं की पाय गेटवेकडे वळतात. बोरीबंदरजवळचं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय, सहसा कुणाच्या यादीत नसतं. ते असायला हवं. पण बाहेर उभं राहून फोटो काढण्यापुरतं नव्हे. जीपीओ नीट पाहायचं तर पोस्टाचं एखादं खरं काम घेऊन आत जायला हवं, कारण ही इमारत कळते ती तिच्या वापरातून, आणि जिवंत राहिली आहे तीही वापरामुळेच.

आधी इमारतीकडेच पाहू. मुंबईचं मुख्य टपालघर पूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ होतं. त्या जागेत पुढे मध्यवर्ती तारघर आलं. नव्या इमारतीचा आराखडा जॉन बेग यांनी केला. बांधकाम १९०४ साली सुरू झालं, १९१३ साली संपलं आणि खर्च सुमारे १८ लाख रुपये आला. बांधकामावर देखरेख करणारे जॉर्ज विटेट म्हणजे पुढे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारेच. मुख्य दगड काळा बेसाल्ट, जोडीला कुर्ल्याचा पिवळसर आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. घुमटाची कल्पना विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेली, आणि खरी मौज इथेच आहे. विजापूरच्या घुमटाखाली मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. जीपीओच्या घुमटाखाली तिकिटं विकणाऱ्या, पार्सलं तोलणाऱ्या खिडक्या आहेत. इमारतीतली सगळ्यात भव्य जागा साहेबाच्या केबिनला न देता रांगेत उभ्या राहणाऱ्याला दिलेली आहे. हे फोटोत येत नाही. हातात पाकीट घेऊन त्या उंचीखाली उभं राहिलं की लगेच उमगतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो पालघरच्याच मातीतून, आणि तो वजनदार आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या ‘चले जाव’ आंदोलनात देशभर टपाल कचेऱ्या आणि तारांवर लोकांचा राग निघाला, कारण टपाल ही राज्यकर्त्यांची नस होती. १८९८च्या टपाल कायद्याने सरकारला पत्रं अडवण्याचा अधिकारही होता. मग त्या सत्तेच्या इमारतीचं कौतुक कशाला? राग रास्तच होता. पण ज्या टपालातून सरकारचे हुकूम जात, त्याच टपालातून ‘केसरी’ही गावोगाव पोचत होता. १८५४ साली अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर देशभर लागू झाला; १८८० साली मनीऑर्डर आली आणि मुंबईत राबणाऱ्याची कमाई गावच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ लागली. यंत्रणा परक्यांनी उभारली हे खरं. तिला सामान्यांच्या उपयोगाची केली ती वापरणाऱ्यांनी आणि चालवणाऱ्यांनी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. पालघरचा ४०१४०४ घ्या: पहिला आकडा पश्चिमेकडचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन थेट तुमचं पोस्ट. ही आपली भर आहे, आणि जीपीओ पाहताना तीही पाहायची आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी. पत्रं आता लिहितो कोण? तारसेवासुद्धा जुलै २०१३मध्ये बंद झाली. मग या वास्तूचं संग्रहालय किंवा हॉटेल का करू नये? याचं उत्तर जगात इतरत्र सापडतं. सिंगापूरचं १९२८ सालचं मुख्य टपालघर २००१ पासून आलिशान हॉटेल आहे. इमारत देखणी राखली गेली, पण टपालाच्या कामासाठी आत यायचा सामान्य माणसाचा हक्क संपला. उलट व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरात फ्रेंच अमदानीतलं, १८९१ साली पूर्ण झालेलं टपालघर आजही चालू आहे. प्रवासी आत जातात, कार्डं घेतात आणि तिथूनच घरी धाडतात. पाहणं आणि वापरणं तिथे वेगळं राहिलेलं नाही. मुंबईतही तेच व्हायला हवं. शिवाय टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत: पार्सलं आहेत, स्पीड पोस्ट आहे, आणि १८८२ पासून चालत आलेलं बचत खातं आहे. गर्दीने कर्मचाऱ्यांना त्रास होईल ही शंका मात्र मला पटते. म्हणूनच काम घेऊन जा म्हणतो. काम असलेला माणूस गिऱ्हाईक असतो, अडथळा नव्हे.

तेव्हा पुढच्या खेपेला रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा. चर्चगेटला उतरून फोर्टातून चालत जा, नाहीतर दादरला गाडी बदलून सीएसएमटीला उतरा. पोस्टकार्ड आजही चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे. ते घ्या आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला चार ओळी लिहा. आत फोटो काढायचा तर आधी विचारा. संग्राहकांसाठी तिकिटं विकणारा विभाग कुठे आहे तेही विचारा; मुलं बरोबर असतील तर तिथे थोडा वेळ द्या. आणि पत्त्याखाली पिन लिहायला विसरू नका: पालघरला ४०१४०४, बोईसरला ४०१५०१.