कोडाली करुप्पूर : तंजावरच्या भोसल्यांचं हरवलेलं वस्त्र

कुंभकोणमहून उत्तरेला निघालं की कावेरी मागे पडते आणि पुढे कोळ्ळिडमचं वाळूने भरलेलं रुंद पात्र लागतं. पलीकडच्या काठावर, आजच्या अरियलूर जिल्ह्यात, कोडाली करुप्पूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे तंजावरच्या भोसले घराण्यासाठी साड्या, पागोटी आणि धोतरं तयार होत. हे कापड पेठेत विकायला जात नसे. राजवाड्यातल्या लग्नकार्यांत ते नेसलं जाई, सोयऱ्यांना आणि मानकऱ्यांना आहेर म्हणून जाई. आज त्याचे मोजके नमुने उरले आहेत, आणि ते पाहायला लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय किंवा अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय अशा ठिकाणी जावं लागतं.

पैठणीवर आपण किती बोलतो! येवल्याच्या मागांवर लेख येतात, पदरावरच्या मोरांची गणती होते, लग्नाच्या याद्यांत तिचं नाव पहिलं असतं. मराठी राजांनी पोसलेली, मराठी राण्या नेसलेली करुप्पूरची साडी मात्र आपल्याला नावानेही ठाऊक नाही. तिची कारागिरी पैठणीइतकीच थोर होती, काही बाबतींत अधिक अवघड होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचं कारण तिच्या घडणीत आहे. हे वस्त्र मूळचं सुती. मागावर पांढरा बारीक सुताचा ताणा, त्यात बाणा घालतानाच जरीचा जादा धागा हाताने नक्षीपुरता भरायचा आणि नक्षी संपली की तिथेच परतवायचा. ही जामदानीची रीत. पैठणीत रंगीत बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी उभी राहते. इथे मूळ विणीला धक्का न लावता तिच्या अंगावर सोनं चढतं. एवढं झालं की दुसऱ्या कोणत्याही गावात साडी पुरी झाली असती. करुप्पूरला इथून निम्मं काम सुरू होई. मागावरून उतरलेलं कापड रंगाऱ्याकडे जाई आणि तो त्यावर कलमाने चित्र काढी.

पांढऱ्या कापडाला आधी हिरड्याच्या आणि दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. हिरड्यातला तुरट अंश रंगाला धरून ठेवतो, दुधातल्या स्निग्धपणामुळे रेघ फुटत नाही. लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी हिरड्यावर पडलं की काळी रेघ उमटते. जिथे पांढरं ठेवायचं तिथे वितळलेलं मेण लावायचं, जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी, आणि मग कापड लाल रंगाच्या मुळ्यांच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. कोरोमंडल किनाऱ्यावर ही मुळी चायवेराची, आपल्याकडे त्याच कामाला मंजिष्ठा. तुरटी लागलेलं सूत लाल होतं, मेणामुळे तुरटी न लागलेलं सूत पांढरं राहतं, आणि जरीच्या पत्र्याला रंग धरत नाही. वाहत्या पाण्यात धुऊन कापड उन्हात पसरलं की गडद तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रेघांनी आणि काळ्या किनारीने वेढलेलं सोनं वर येतं. रंगाच्या सावलीत ते बसल्यामुळे त्याला नुसत्या जरीसारखी चमक नसते, एक दबलेलं, तांबूस तेज असतं. लांबून साडी साधी वाटते. जवळ गेल्यावर डोळा हलत नाही.

आता विणकराची अडचण लक्षात घ्या. रंगारी पुढे कुठे रेघ ओढणार, कुठे मेण लावणार, हे ठाऊक असल्याशिवाय तो सोन्याची बुट्टी कुठे भरायची हे ठरवू शकत नाही. रंगाऱ्यालाही विणलेल्या बुट्टीच्या कडेला केसभर न चुकता कलम चालवावं लागतं, कारण खोडण्याची सोय नाही. दोन वेगळ्या कसबांची माणसं एकाच नक्षीवर, एकामागून एक, एकमेकांच्या भरवशावर काम करत. अशा कामाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पोसणारा धनी लागतो.

तो धनी होता तोवर सगळं चाललं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1670च्या दशकात तंजावरला राज्य उभं केलं. त्याआधीच्या नायक राजांच्या काळापासून या भागात कलमकारी नांदत होती. दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1798 ते 1832 या काळात, तंजावरने ग्रंथ, वैद्यक, संगीत, चित्रकला सगळ्यांना हात दिला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख 1803 मध्ये कोरला गेला तो त्यांच्याच काळात. करुप्पूरच्या साडीचा बहर याच काळातला. सरफोजींचा मुलगा शिवाजी 1855 मध्ये पुरुष वारस न ठेवता वारला आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. राजवाड्यातली खासगी मालमत्तादेखील ताब्यात घेतली गेली. थोरली राणी कामाक्षीबाई साहेब न्यायालयात गेली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1859 मध्ये, ही राज्यसत्तेची कृती असून न्यायालय तीत हात घालू शकत नाही, असा निकाल दिला. कायद्याच्या वर्गात तो अजून शिकवला जातो. पुढे काही मालमत्ता राण्यांकडे परत आली, पण करुप्पूरला कापड सांगणारा दरबार परत आला नाही.

त्यात आणखी एक घाव बसला. मुळ्यांतून निघणारं लाल द्रव्य 1868 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, वर्षभरात त्याचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं, आणि चायवेर खणणाऱ्यांचं, मंजिष्ठा पिकवणाऱ्यांचं पोट बुडालं. पण केवळ रंगामुळे ही साडी गेली असं मी मानत नाही, कारण त्याच परिसरातली कलमकारी मेली नाही. कुंभकोणमजवळच्या सिक्कलनायक्कनपेट्टैसारख्या गावांत देवळांसाठी कापड रंगवणं चालूच राहिलं. मूर्तीवरचं छत, रथाला लटकणाऱ्या गोल तोंबै, दारावरची तोरणं, बांबूच्या काडीच्या आणि नारळाच्या झाडापासून केलेल्या कलमांनी आजही रंगतात. ‘करुप्पूर कलमकारी’ला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. देवळाचा आश्रय टिकला म्हणून देवाचं कापड टिकलं. राजवाडा गेला आणि राणीचं कापड त्याच्याबरोबर गेलं.

मग ते पुन्हा करता येईल का? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न मनावर घेणारे लोक निघाले, ही आपल्या हातमागाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. 1980च्या दशकात मार्तंड सिंग यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘विश्वकर्मा’ प्रदर्शनांसाठी सरकारी विणकर सेवा केंद्रांनी संग्रहालयांतले जुने नमुने समोर ठेवून लुप्त वस्त्रं नव्याने घडवली. चेन्नईला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये स्थापन केलेल्या कलाक्षेत्रात माग आणि कलमकारी दोन्ही एका आवारात नांदत होते, आणि करुप्पूरच्या साडीसाठी हेच तर हवं होतं. तिथेही तिच्यावर काम झालं. नव्याने केलेल्या या साड्यांना कोणी नक्कल म्हणू नये. जुनं वस्त्र काचेआड असतं, त्याला हात लावता येत नाही, उलट बाजू दिसत नाही. नवं करायला बसल्यावरच कळतं की आधी काय केलं असेल, कुठली पायरी चुकली तर पुढचं सगळं वाया जातं.

आणि चुकायला जागा भरपूर आहे. तांब्यावरची नकली जर रंगाच्या उकळत्या पाण्यात काळवंडते, त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या पत्र्याची खरी जर लागते, आणि तिथेच किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जाते. कुंभकोणमच्या भोवती आज विणकरांची वाण नाही. तिरुभुवनमचं रेशीम प्रसिद्ध आहे, तेही मानांकन मिळालेलं. ते विणणारे बरेचसे सौराष्ट्री समाजाचे, शतकांपूर्वी गुजरातेतून दक्षिणेत आलेले. पण त्यांचा हात रेशमावर बसलेला आहे. सुती जामदानी हे वेगळं कसब. एका काठावर माग आहेत, दुसऱ्या काठावर कलम आहे, त्यांना एकत्र बसवणारा कोणी हवा.

कापड परत आणणं आणि वस्त्र परत आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहालयात साडी सपाट पसरलेली असते, नेसलेली नसते. ती कशी नेसली जाई हे शोधायला अभ्यासक कंबरेशी खोचलेल्या भागाची झीज पाहतात, निऱ्यांच्या घड्यांच्या रेषा पाहतात, काष्ट्याकडे गेलेलं टोक किती विटलंय ते पाहतात. मग शिल्पं आणि चित्रं. कुंभकोणममध्ये नागेश्वरस्वामींच्या देवळात आरंभीच्या चोळ काळातल्या मूर्ती आहेत, जवळ दारासुरमला बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर आहे. दोन्हींच्या दगडात नेसणी, कंबरपट्टे, वस्त्रांवरच्या नक्षीच्या पट्ट्या कोरलेल्या दिसतात. तंजावरला बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायकांच्या चित्रांखाली दडलेली चोळांची भित्तिचित्रं 1931 मध्ये सापडली, त्यांत रंगही आहेत. मराठा काळासाठी तंजावर शैलीची चित्रं आहेत आणि दरबाराचं मोडी दप्तर आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठात या कागदांवर काम झालं आहे. पण मोडी वाचणारा मराठी माणूस आणि वस्त्रं ओळखणारा माणूस एकाच टेबलाशी बसलेला फार क्वचित दिसतो.

या शोधात एक जागा तर पुरती रिकामी आहे. लग्नाची साडी जपली जाते, गरोदरपणाची जपली जात नाही. युरोपात सोळाव्या शतकाच्या शेवटी मार्कस गीरार्ट्‌ससारख्या चित्रकारांनी गरोदर सरदारणींची चित्रं काढली. शिवलेल्या कपड्यांना पोट वाढलं की सैल करायला नाड्या, पुढचे जादा तुकडे लागत, आणि ते कपडे वेगळे ओळखू येतात म्हणून त्यांचा इतिहासही लिहिता येतो. आपल्याकडे नऊवारीला हे काही लागलंच नाही. गाठ थोडी वर, ओचा थोडा सैल, पुढून गाठ मारायची चोळी एक बोट ढिली, बस्स. तीच साडी पहिल्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत बाईबरोबर वाढे. त्यातून उरे तो फक्त रंगाचा मान. आपल्या डोहाळजेवणाला हिरवी साडी आणि हिरवा चुडा. तमिळ ब्राह्मण घरांत वळैकाप्पूला काळी साडी आणि हातभर बांगड्या. मग बाळ जन्मलं की नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची बाळोती होत, उरलेल्याची गोधडी. स्त्रीच्या आयुष्यातल्या सगळ्यांत नाजूक महिन्यांचं वस्त्र असं घरातच झिजून संपलं. संग्रहालयाच्या यादीत त्याला क्रमांक मिळणार कसा?

कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर तिरुक्करुगावूर आहे. तिथली देवी गर्भरक्षांबिका, गर्भ राखणारी. मूल व्हावं म्हणून येणाऱ्या बायकांना प्रसादाचं तूप मिळतं, गरोदर बायकांना पोटावर लावायला एरंडेल. रांगेत कांजीवरम दिसते, तिरुभुवनम दिसतं, सुती साडी दिसते, पंजाबी ड्रेसही दिसतो. गरोदर बाई कशी नेसते, गाठ कुठे मारते, पदर कसा घेते, हे आज इथे डोळ्यांसमोर आहे. वस्त्रांच्या अभ्यासकांनी ते आजच टिपून ठेवायला हवं. नऊवारी आणि तमिळ मडिसार रोज नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या आज्या अजून आहेत. त्यांना विचारलं तर त्या दोन मिनिटांत नेसून दाखवतील, आणि ते चित्रित करायला मोठी यंत्रणा लागत नाही.

आणि करुप्पूरच्या साडीसाठी वाचकांना एक विनंती. तंजावरच्या राजघराण्याचे सोयरसंबंध दूरवर होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची पहिली पत्नी चिमणाबाई तंजावरची मुलगी, लग्न 1880 मधलं. आहेराची कापडं अशा नात्यांतून हलत राहतात. तुमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत, एखाद्या दूरच्या आजेसासूच्या बोचक्यात, गडद तांबड्या सुती कापडावर पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामधून विणलेलं सोनं दिसलं, तर ते बोहारणीला देऊ नका आणि जर वितळवणाऱ्याकडे नेऊ नका. अशा कितीतरी जरतारी साड्या केवळ चांदीसोन्याच्या वजनावर जाळल्या गेल्या आहेत. ड्रायक्लीनिंगला टाकू नका, त्याच घडीवर पुन्हा घडी घालू नका, धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घरात ती कोणाकडून आली, कोणत्या प्रसंगी नेसली गेली, हे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या, आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयाला दाखवा. फाटका तुकडा असला तरीही दाखवा.