छत्तीस फोटो आणि एक भिंत

मुलांनो, तुमच्या घरात आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आहे ना? कपाटात वरच्या फळीवर, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला? पाहुणे आले की तो खाली उतरतो. मग "ही बघ तुझी आत्या, किती बारीक होती!" असं म्हणत सगळे हसतात, आणि तुम्ही विचारता, "मी कुठंय यात?" मग आणखी हशा!

त्या अल्बमात एक माणूस मात्र कधीच दिसत नाही. तो म्हणजे फोटो काढणारा. मी तसला माणूस आहे. आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेली एक मोठी चूक सांगणार आहे. एवढी मोठी, की आजही कॅमेरा उचलला की आधी तीच आठवते.

फाट्यापासून पुढे पायी

मी राहायला ठाण्याला. पण लग्नाच्या हंगामात माझा मुक्काम असायचा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. १ ऑगस्ट २०१४ ला हा नवा जिल्हा झाला. मी सांगतोय ती गोष्ट १९९६ सालची, तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. ठाण्याहून एसटीने भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारला जायचं. तिथून दुसरी गाडी पकडून एखाद्या फाट्यावर उतरायचं. पुढे? पुढे आपले दोन पाय! साग आणि मोहाच्या झाडांतून वाट, एखादी कोरडी नदी, एक चढ, आणि मग दहा-वीस घरांचा पाडा.

इथली लग्नं पिकं घरात आल्यावर सुरू होतात आणि पाऊस पडायच्या आत उरकतात. त्यामुळे फोटोवाल्याच्या वाट्याला येतो तो नेमका मे महिना. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, हातात तिपाई, आणि डोक्यावर सूर्य. रोल उन्हाने खराब होऊ नयेत म्हणून मी ते डब्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवायचो. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त जपत होतो म्हणा ना!

रोल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आई-बाबांना विचारावं लागेल. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी घालावी लागे. एका गुंडाळीत ३६ फोटो. संपली की संपली. फोटो कसा आला ते लगेच पाहायची सोय नव्हती. रोल धुऊन, प्रिंट हातात येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं.

भिंतीवरचं लग्न

त्या वर्षी मला बोलावणं आलं ते एका वारली कुटुंबाकडून. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कामाला जायचा. त्याने मजुरीतून पैसे साठवले होते. "दादा, एक रोल. छत्तीसच्या छत्तीस फोटो पायजेत," असं बजावून त्याने मला आगाऊ पैसे दिले. घरात कुणाचाच फोटो नव्हता. भावाच्या लग्नाचा तरी असावा, एवढीच त्याची इच्छा.

मी आदल्या दिवशीच पाड्यावर पोचलो. कुडाचं घर, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर माती आणि शेण लिंपलेल्या भिंती. आत शिरलो तर बाहेरच्या उन्हामुळे मिनिटभर काही दिसेचना. मग हळूहळू समोरची भिंत दिसू लागली. गेरूने सारवलेल्या त्या भिंतीवर सवाष्ण बाया चित्र काढत होत्या. तांदळाच्या पिठाचं पाणी, आणि कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. बस, एवढंच सामान!

शाळेत तुम्ही वारली चित्रं काढता ना? दोन त्रिकोण जोडून माणूस, वर गोल डोकं? त्या चित्रांचं मूळ या लग्नाच्या भिंतीवर आहे. तिथल्या चित्राला 'चौक' म्हणतात. नक्षीच्या पट्ट्यांची चौकोनी चौकट, मधोमध पालघाट देवी, भोवती झाडं, सूर्य, चंद्र, शिडी, फणी आणि घोड्यावर बसलेलं नवरा-नवरीचं जोडपं. हा चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते तीही एक बाईच. तिला 'धवळेरी' म्हणतात. ती गाणी म्हणत लग्नाचे विधी पार पाडते.

पूर्वी हे चित्र फक्त बायकांनी काढायचं, आणि तेही लग्नासारख्या प्रसंगीच. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या काळात कागद-कापडावर रोज चित्रं काढायला सुरुवात केली आणि वारली कला जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. पण तुमच्या चित्रकलेच्या वहीपर्यंत ती काडी पोचली, ती अशी.

त्या बायांमध्ये नवऱ्या मुलाची आजी होती. हात जरा थरथरायचा, पण काडी भिंतीला टेकली की रेघ सरळ! मी कॅमेरा वर केला, तेव्हा तिने हातानेच खूण केली, थांब. मी थांबलो. तो चौक म्हणजे देवीची जागा. तिथे विचारल्याशिवाय फोटो काढू नये, हे मला कळायला हवं होतं. घटकाभराने तिनेच मान हलवून परवानगी दिली.

उजेडाशी दोस्ती

दुसऱ्या दिवशी मी जीव ओतून काम केलं. आता तुम्हाला माझ्या धंद्यातल्या दोन-तीन युक्त्या सांगतो. मोबाइलवर फोटो काढतानाही त्या उपयोगी पडतील.

भर दुपारी ऊन थेट डोक्यावरून येतं. मग डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि नवरी आजारी दिसते! अशा वेळी माणसांना आंब्याच्या सावलीत उभं करायचं आणि समोर कुणालातरी पांढरं धोतर पसरून धरायला लावायचं. धोतरावरून उजेड उलटतो आणि चेहरा उजळतो.

घरात अंधार असेल तर लगेच फ्लॅश मारू नका. दाराकडे जा. दारातून येणारा उजेड मऊ असतो. पण तो कमी असतो, म्हणून कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. सेकंदाचा पंधरावा भाग म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण तेवढ्यात हात हलला तर फोटो पुसट येतो. मी घराच्या मेढीला पाठ टेकायचो, श्वास रोखायचो आणि मग बटण दाबायचो.

आणि तिसरी युक्ती लाजऱ्या माणसांसाठी. लग्न ठरलेल्या जोडप्याला "जवळ उभे राहा, हसा" म्हटलं, की ते लाकडासारखे ताठ होतात. मधे एक बैलगाडी जाईल एवढं अंतर! मग मी मुलाला विचारायचो, "यातलं तुझं झाड कोणतं? लहानपणी पडला होतास का कधी त्यावरून?" तो सांगू लागायचा, ती हळूच हसायची, आणि मला माझा फोटो मिळायचा.

असे छत्तीस फोटो झाले. मी खूश! पण लिव्हर ओढला, तर तो सहज पुढे गेला. सदतीस. पुन्हा ओढला. अडतीस. मुलांनो, रोल संपला की लिव्हर घट्ट व्हायला हवा. माझ्या पोटात गोळा आला.

कोरी पट्टी

फाट्यावर एसटीची वाट पाहत मी रोल उलटा गुंडाळायला घेतला. खुंटी मोकळीच गरागरा फिरली. काय झालं होतं? घाईत रोल भरताना फिल्मचं टोक फिरकीत नीट अडकलंच नव्हतं. आकडा पुढे सरकत होता, शटर उघडत होतं, पण फिल्म जागची हललीच नव्हती! प्रत्येक फोटोनंतर डावीकडची खुंटी फिरते की नाही, एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. नव्या शिकाऊ पोराला मी हेच पहिल्या दिवशी शिकवायचो.

तरी वेडी आशा. रोल धुवायला दिला. परत आली ती नारिंगी रंगाची कोरी पट्टी. ना नवरा, ना नवरी, ना धवळेरी.

चार दिवस मी नुसता विचार करत होतो. 'रोलच खराब निघाला' म्हणावं का? 'धुताना बिघडला' म्हणावं का? त्या पाड्यावर कुणाला कळणार होतं? पण मला त्या धाकट्या भावाचे विटा उचलून खरबरीत झालेले हात दिसायचे. शेवटी पाचव्या दिवशी पैसे आणि कॅमेरा घेऊन निघालो.

मी अंगणात उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. चूक माझी, हे पैसे परत घ्या. तो भाऊ काही बोलला नाही. पैशांकडे बघितलंही नाही त्याने. ते गप्प राहणं मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग आजी उठली. तिने माझं मनगट धरलं आणि मला घरात नेलं. तिची बोली मला सगळी कळत नव्हती, पण तिने दाखवलेलं बोट कळलं. भिंतीवर चौक तसाच होता. घोडा होता, घोड्यावरचं जोडपं होतं, सूर्य-चंद्र होते. तुझा कॅमेरा चुकला, आमचा नाही, असंच जणू ती म्हणत होती!

मी घाईघाईने नवा रोल भरला. खुंटी फिरते का ते तीनदा पाहिलं. नवरा-नवरी नेहमीच्याच कपड्यांत होते. त्यांना भिंतीपाशी बसवलं. दारातून दुपारचा उजेड येत होता. मी मेढीला टेकलो, श्वास रोखला. तेवढ्यात आजी घोड्याकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाली, आणि दोघं एकदम हसली. बटण दाबलं गेलं.

हात कापू नका

प्रिंट आल्या तेव्हा त्या फोटोच्या कडेला आजीचा हात आलेला दिसला. फक्त हात, दाखवणारं बोट आणि काचेच्या बांगड्या. मला वाटलं, फोटो बिघडला. कडा कापून टाकावी. पण पाऊस तोंडावर होता. नदीला पाणी आलं की पाड्याची वाट बंद. म्हणून तसाच फोटो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि पहिल्या पावसात भिजत नेऊन दिला. या वेळी भाऊ हसला.

२०१९ साली मी पुन्हा तिकडे गेलो. आता पाड्याजवळ रस्ता आलाय. घर सिमेंटचं झालंय. चौकाची ती भिंत केव्हाच गेली. आजीही गेली होती. पण आतल्या खोलीत काचेच्या चौकटीत तो फोटो होता. तिचा पणतू, चौथीतला असेल, मला म्हणाला, "हा हात कुणाचा, माहितीय? आमच्या आजीचा." त्या घरात आजीचा तेवढाच फोटो आहे. मी ती कडा कापली असती तर?

त्याच घरात त्या वर्षी आणखी एक लग्न झालं होतं. मोबाइलवर शेकडो फोटो काढलेले. मोबाइल पाण्यात पडला आणि सगळे गेले. मला माझी कोरी पट्टी आठवली. म्हणजे बघा, छत्तीस असोत की शेकडो, फोटो काढणं हे अर्धंच काम. तो माणसाच्या हातात पोचला की पूर्ण होतं.

आता शहरातली लग्न ठरलेली जोडपीही फोटो काढायला या डोंगरांत येतात. जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्यापाशी भरजरी कपडे घालून उभी राहतात. छान दिसतं! पण शेवाळलेल्या खडकाला भरजरी शालू कळत नाही, आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं. तुमच्या ताई-दादांचं लग्न ठरलं असेल, तर त्यांना हे नक्की सांगा. आणि तिथल्या पाड्यावरच्या माणसांचे, त्यांच्या घरांचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारायचं. काढले, तर त्यांनाही पाठवायचे.

आता तुमच्यासाठी एक काम. या रविवारी आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम खाली काढा. फोटोत कोण कोण आहे ते आजी-आजोबांना विचारा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: नाव, गाव, साल. मोबाइलमधल्या फोटोंपैकी पाच निवडून छापून घ्या. आणि एखाद्या फोटोच्या कडेला कुणाचा अर्धवट हात आला असेल, तर तो मुळीच कापू नका. आधी विचारा, हा हात कुणाचा?