ओली थंडी

स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस हा ब्रिटनचा सर्वांत उंच डोंगर. उंची १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्याहून तीनशे मीटरने उंच. नोकरीच्या व्हिसावर ग्लासगो, एडिनबरा किंवा ॲबर्डीनला राहणारा, सह्याद्रीत मुरलेला मराठी ट्रेकर हे दोन आकडे शेजारी मांडतो, तेव्हा डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी हा डोंगर आरामात होऊन जाईल असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय सह्याद्रीने त्याच्या अंगात दोन गोष्टी पक्क्या भिनवलेल्या असतात. हिवाळा हा भटकंतीचा सगळ्यांत सुखाचा हंगाम, ही एक. आणि दिवसभर चिंब भिजलं तरी घरी जाऊन कोरडं झालं की झालं, ही दुसरी. सह्याद्रीपुरत्या दोन्ही खऱ्या आहेत. स्कॉटिश हिवाळ्यात दोन्ही उलट्या पडतात. तिथे खरा धोका उंचीतून येत नाही आणि उणे वीस अंशांच्या कडाक्यातूनही फारसा येत नाही. तो येतो शून्याच्या आसपासच्या ओल्या, वाऱ्याच्या थंडीतून, आणि ही थंडी थर्मामीटरवर अगदी निरुपद्रवी दिसते.

बेन नेव्हिसचा पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला, फोर्ट विल्यम गावात आहे. अक्षांश सुमारे ५७ उत्तर. हवा वर जाते तशी सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. गावात ६ अंश तापमान आणि रिमझिम असेल, तर माथ्यावर उणे अडीच-तीन. आकडा घाबरवणारा नाही; हिवाळ्यात हिमालयातला केदारकंठा केलेला माणूस याहून अधिक थंडीत तंबूत झोपलेला असतो. पण वाटेत काय घडतं ते पाहा. खालचे काही शे मीटर पाऊस लागतो. त्यानंतरच्या पट्ट्यात पाऊस आणि बर्फ यांच्या मधली, अंगाला लागताच पाणी होणारी चिखलासारखी भुरभुर लागते. माणूस पूर्ण भिजतो तो इथे. आणि भिजलेल्या अवस्थेतच तो गोठणपातळीच्या, म्हणजे हवा जिथे शून्य अंशाला उतरते त्या उंचीच्या वर, उघड्या माथ्यावर पोचतो, जिथे वारा अडवायला झाड नाही की कडा नाही. या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात एक वेधशाळा होती. तिथले निरीक्षक रात्रंदिवस दर तासाला नोंदी घेत. त्या नोंदींनुसार माथ्यावरचं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली आणि पाऊस-बर्फ मिळून वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक. म्हणजे पाऊस कोकणपट्टीहून जास्त आणि थंडी गोठणबिंदूवरची.

या जोडीत शरीराचं काय होतं? कपडे आपल्याला ऊब देत नाहीत. ते धाग्यांमध्ये अडकलेली हवा स्थिर ठेवतात आणि ती हवा शरीराची ऊब धरून ठेवते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट सहजपणे उष्णता वाहून नेतं. कपड्यातली हवा जाऊन तिथे पाणी आलं की चार थर घातलेले असूनही ते नसल्यासारखे होतात. दुसरी गळती बाष्पीभवनाची. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने ओल्या कपड्यातला माणूसही गार होतो. फरक इतकाच की इथे उष्णता रक्ताची खर्ची पडते. १०० मिलिलिटर पाणी अंगावर वाळायला सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीराचं तापमान एका अंशाने उतरायला जवळपास तेवढीच उष्णता जावी लागते. भिजलेली जीन्स आणि सुती बनियन मिळून अर्धा लिटर पाणी सहज धरतात. शरीर अर्थात सतत नवी उष्णता तयार करत असतं, पण ३७ अंशांवरून ३५ च्या खाली घसरलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि मधलं अंतर अवघं दोन अंशांचं आहे. जुलैतल्या हरिश्चंद्रगडावर हाच पाऊस का बाधत नाही, याचं उत्तरही यातच आहे. तिथलं पाणी आणि हवा वीस-बावीस अंशांची, त्वचा तीसएक अंशांची. स्कॉटलंडमध्ये त्वचा तीच, हवा शून्याला. तफावत तिपटीने वाढते आणि त्या प्रमाणात उष्णतेची गळतीही.

यावर एक आक्षेप घेता येतो. धुक्यात हवा बाष्पाने पुरती भरलेली असते, मग बाष्पीभवन होईलच कसं? पण शून्य अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम पाच ग्रॅम बाष्प धरते, तर तीस अंशांच्या त्वचेलगतची हवा तीस ग्रॅम. बाहेरची हवा स्वतःपुरती भरलेली असली तरी गरम, ओल्या शरीरासमोर ती कोरडीच ठरते. दाट धुक्यातही बाष्पीभवन चालूच राहतं.

हा सगळा कागदावरचा हिशेब वाटत असेल, तर १९६४ च्या मार्चमधली घटना पाहावी. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये ‘फोर इन्स वॉक’ ही लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. तिथल्या टेकड्या जेमतेम सहाशे मीटरच्या, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्या. तापमान सायबेरियातलं नव्हतं. पाऊस होता आणि वारा होता. तीन धडधाकट तरुण गारठून मरण पावले. या मृत्यूंचा अभ्यास केला ग्रिफिथ प्यू यांनी. हे तेच शरीरशास्त्रज्ञ, जे १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत होते आणि ज्यांनी त्या मोहिमेचं पाणी, प्राणवायू आणि आहाराचं गणित बसवलं. जगातल्या सर्वांत उंच डोंगराचा अभ्यासक सहाशे मीटरच्या टेकडीकडे तितक्याच गांभीर्याने वळला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्यू यांनी पुढे स्वयंसेवकांना ओले कपडे घालून थंड वाऱ्यात व्यायाम करायला लावला. ओल्या कपड्यांची ऊब धरण्याची क्षमता वाऱ्यात बहुतांशी संपते, आणि माणूस जोरात श्रम करत असेल तोवरच शरीराचं तापमान टिकवू शकतो, असं त्यांना आढळलं.

‘चालताना अंग गरमच राहतं’ या नेहमीच्या युक्तिवादाचं उत्तर इथे मिळतं. चढताना शरीर पाचशे वॉटच्या आसपास उष्णता निर्माण करू शकतं, बसलेलं असताना शंभर. पहिल्या तीन तासांत ओलेपणा जाणवत नाही तो यामुळेच. मग दम लागतो, बर्फात पाय रुततात, पोटातलं सरतं, वेग मंदावतो आणि उष्णता नेमकी हवी तेव्हा घटते. थंडावलेल्या मेंदूचा निर्णय बिघडतो. बोटं चेन लावू शकत नाहीत, माणूस चिडचिडा होतो, अडखळतो, आणि बरोबरचे त्याला फक्त दमलेला समजतात.

हिमालयाचा अनुभव असणाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे : उणे दहा सोसलेल्याला उणे तीनचं काय? पण उणे दहाचा बर्फ कोरडा असतो, जॅकेटवरून झटकला की पडतो. पिसांचं जॅकेट तिथे उत्तम चालतं. तेच जॅकेट शून्याच्या पावसात भिजलं की पिसं एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि आत हवा उरत नाही. मोबाइलवरचा ‘जाणवणारं तापमान’ हा आकडाही इथे पुरेसा नाही. त्या सूत्रानुसार उणे पाच अंश आणि ताशी पन्नास किलोमीटर वारा म्हणजे उणे पंधरा. पण ते सूत्र कोरड्या, उघड्या चेहऱ्यासाठी मांडलेलं आहे. ओल्या कपड्याचा त्यात विचारच नाही. वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हेही त्यात येत नाही. स्कॉटलंडमधल्याच केर्नगॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी ताशी २७८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आहे. याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वाऱ्यातही चालणं कठीण होतं.

हिमस्खलनाचा धोका वेगळा आहे आणि त्याचं रोजचं भाकीत स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस हिवाळाभर देते, ते पाहूनच निघायला हवं. पण कामाच्या व्हिसावरच्या माणसाची खरी अडचण वेळेची असते. मुक्काम मोजक्या वर्षांचा, सुट्टी शनिवार-रविवारची, गाडी आणि खोली आधीच बुक केलेली. हवामान सोमवारी सुधारणार असलं तरी त्याला सोमवारी जाता येत नाही. त्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात फोर्ट विल्यमला दिवस सात तासांहूनही छोटा. चढ-उतार हिवाळ्यात सहज आठ-नऊ तास घेतो, म्हणजे उतरणीचा शेवट अंधारात हे ठरलेलंच. त्या एका शनिवारी कोणत्याही परिस्थितीत वर जायचंच, हा हट्ट थंडीइतकाच घातक आहे. त्याऐवजी पर्यायी बेत आधीच ठरलेला असावा : गोठणपातळीच्या खालची दरीतली वाट.

मदत बोलावता येईल, हा शेवटचा भरवसा. ९९९ वर फोन करून पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागता येतं. पथकातले लोक विनामोबदला येतात आणि व्हिसा विचारत नाहीत. पण ढगात हेलिकॉप्टर येऊ शकत नाही आणि पायी येणाऱ्या पथकाला तास लागतात. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर वादळात अडकलेल्या शाळकरी गटाला दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. सहा जण गेले. म्हणून मदत येईपर्यंतचे तास पाठीवर न्यावे लागतात : पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधलेला कोरडा लोकरीचा थर, कृत्रिम धाग्याचं जाड जॅकेट, हातमोज्यांचा दुसरा जोड, गोड खाणं, हेडलँप, आणि चार जणांना एकत्र डोक्यावरून ओढून घेता येईल असं पातळ नायलॉनचं ग्रुप शेल्टर. त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. त्याखाली वारा थांबतो, आणि चार माणसांची प्रत्येकी शंभर वॉट उष्णता काही मिनिटांत आतली हवा उबदार करू लागते.