खुल्या पाण्यातील जलपक्षी शिकारीचे नियम (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही राज्यांत बदके, कलहंस इत्यादी जलपक्ष्यांची शिकार करताना शिकाऱ्याने किनारा व जलवनस्पती यांच्या संदर्भात कोठे असावे, हे ठरविणाऱ्या नियमांना खुल्या पाण्यातील शिकारीचे नियम म्हणतात.

पार्श्वभूमी

स्थलांतरित पक्षी करार अधिनियम, १९१८ अन्वये संघराज्य शासन शिकारीची सर्वसाधारण चौकट ठरविते. शिकाऱ्याला पाण्याच्या पातळीखाली लपविणारे 'सिंकबॉक्स' हे तरंगते साधन १९३५ पासून निषिद्ध आहे. राज्यांना या चौकटीपेक्षा कडक नियम करता येतात. सैल नियम करता येत नाहीत.

उद्देश

डुबी मारणारी बदके तलावाच्या मध्यभागी मोठ्या थव्यांनी विसावतात व अन्न शोधतात. तेथेही गोळीबार होऊ लागल्यास त्यांना विसाव्याची जागा उरत नाही आणि ती तलाव सोडून जातात. म्हणून शिकारी काठच्या वनस्पतींत राहावा व मधले पाणी पक्ष्यांसाठी मोकळे राहावे, असा या नियमांचा हेतू आहे.

वनस्पतीची अट

मिनेसोटा राज्याच्या कायद्यानुसार खुल्या पाण्यात शिकार करता येत नाही. मात्र शिकारी किंवा त्याची होडी अंशतः झाकली जाईल इतक्या नैसर्गिक वनस्पतीत तो असल्यास, नदीची रुंदी १०० यार्डांपेक्षा (सुमारे ९१ मीटर) अधिक नसल्यास, किंवा जखमी पक्ष्याचा नियमानुसार पाठलाग चालू असल्यास सूट मिळते. येथे 'नैसर्गिक' हा शब्द निर्णायक आहे. कापलेले बोरू होडीला बांधल्याने शिकारी दिसेनासा होईल. पण ती तेथे उगवलेली वनस्पती ठरत नाही. विस्कॉन्सिनच्या व्याख्येत वनस्पती तळाशी रुजलेली, पाण्याबाहेर आलेली आणि शिकाऱ्यास पूर्णतः किंवा अंशतः लपविण्याइतकी उंच असावी लागते. त्यामुळे पाणकणीस किंवा जंगली भात यांचा दाट पट्टा चालतो. पाण्याखालील शेवाळ किंवा पृष्ठभागावर पसरलेली कमळाची पाने पुरत नाहीत.

अंतराची अट

विस्कॉन्सिनमधील काही मोठ्या जलाशयांवर खुल्या पाण्यात शिकारीस मुभा आहे. तेथे किनाऱ्यापासून, जलाशयानुसार, किमान ५०० किंवा १,००० फूट (सुमारे १५२ किंवा ३०५ मीटर) दूर असावे लागते. येथे अटीची दिशा उलटी होते. वनस्पतीची अट शिकाऱ्याला काठाशी बांधून ठेवते, तर अंतराची अट त्याला काठापासून दूर ठेवते. अंतर मोजताना बेटांचा किनाराही धरला जातो.

अर्थ लावण्याची पद्धत

प्रथम ती जागा व्याख्येनुसार 'खुले पाणी' आहे का, हे पाहावे. तसे असल्यास जलाशय अपवादाच्या यादीत आहे का, हे तपासावे. त्यानंतरच अंतराचा प्रश्न उद्भवतो. अंतर पूर्ण केल्याने, यादीत नसलेल्या जलाशयावर आपोआप परवानगी मिळत नाही. तसेच एका राज्यातील व्याख्या दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, आणि नियम वेळोवेळी बदलत असल्याने त्या हंगामाची अधिकृत पुस्तिकाच प्रमाण मानावी लागते.