शोधनिबंधांची मोजदाद

पुण्यातील भूमकर चौकातून रोज हिंजवडीकडे नोकरीस जाणाऱ्या वाकडकरांना कामाची मोजदाद नवी नाही. वर्षअखेरीस प्रत्येकाच्या कामगिरीला श्रेणी लावण्याची रीत येथील घराघरांत ठाऊक आहे. म्हणून अशा एखाद्या घरातील मुलीने मेंदुविज्ञानात संशोधन करण्याचा मनोदय बोलून दाखविला, आणि तिच्या भावी मार्गदर्शकाचे शोधनिबंध किती व इतरांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले हे वडीलधाऱ्यांनी संगणकावर पाहिले, तर त्यात नवल नाही. परंतु त्या आकड्यांतून काय कळते आणि काय निसटते, याचा विचार केल्यावाचून त्यांवर विसंबणे त्या मुलीच्या हिताचे नाही आणि विज्ञानाच्याही नाही.

डॉ. शुभा टोळे यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन, अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएच.डी. व शिकागो विद्यापीठात पुढील संशोधन करून त्या १९९९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. गर्भावस्थेत मेंदूची घडण कशी होते, हा त्यांचा विषय. ‘एलएचएक्स२’ हे जनुक नसलेल्या उंदरांत मेंदूच्या बाह्यकाच्या कडेची एक पट्टी प्रमाणाबाहेर वाढते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले. पण ही पट्टी मुळात कोणते कार्य करते, याचे उत्तर ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध होण्यास २००८ साल उजाडावे लागले. काही पेशींत ते जनुक आहे व काहींत नाही, असे संमिश्र मेंदू तपासले असता आढळले की, जनुकरहित पेशींच्या पुंजक्यांतून ती पट्टी उद्भवते आणि तिच्या सान्निध्यातील निरोगी पेशी स्मृतीशी निगडित असा हिप्पोकॅम्पस घडवू लागतात. मेंदूच्या त्या भागाची रचना कोणाच्या आज्ञेने होते, याचा उलगडा त्यातून झाला. पुढे २०१० साली भटनागर पुरस्कार, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेचे अध्यक्षपद, असा या कार्याचा गौरव झाला.

आता मोजमापाकडे वळू. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढताना आधीच्या दोन वर्षांतील निबंधांना चालू वर्षी मिळालेले दाखले त्या निबंधांच्या संख्येने भागतात. ज्या प्रश्नाच्या दोन टप्प्यांतच सात वर्षे गेली, त्याला दोन वर्षांची मुदत कशी पुरावी? शिवाय हा आकडा नियतकालिकाचा असतो, त्यात छापलेल्या एकेका निबंधाचा नव्हे. व्यक्तीसाठी हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ‘एच-निर्देशांक’ सुचविला: दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा दाखले मिळाले, तर निर्देशांक दहा. याच न्यायाने ज्याने तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाचशे दाखले मिळाले, त्याचा निर्देशांक तीनच राहतो.

दाखल्यांची सूची रचणारे यूजीन गारफील्ड यांचा मूळ हेतू वेगळा होता. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढील खटल्यांत घेतला गेला की तो फिरविला गेला, हे शोधण्यासाठी अमेरिकन वकील जी सूची वापरीत, तिच्यावरून त्यांना ही कल्पना स्फुरली, आणि १९६४ पासून विज्ञानातील अशी सूची नियमित प्रसिद्ध होऊ लागली. विचाराचा माग काढण्याचे ते साधन होते. त्यात खंडनाचा दाखला मंडनाच्या दाखल्याइतकाच मोजला जातो. आणि प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत सांगणारा लाउरी यांचा १९५१ सालचा निबंध तीन लाखांहून अधिक दाखले मिळवून सर्वांच्या वर बसतो, कारण ती रीत प्रयोगशाळांना नित्य लागते.

साधन हेच साध्य झाले म्हणजे काय होते, याचा दाखला पुण्यातच आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आलाच पाहिजे, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आणि पदोन्नतीसाठी लागणारे गुण यांमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक देशभर आले. २०१८ साली पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची तपासणी केली, तेव्हा विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या व तपासल्या गेलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. त्यानंतर गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘केअर’ या नव्या यादीचे दप्तर उघडले. पण २०२२ साली आयोगाने तो दंडकच मागे घेतला आणि २०२५ साली ती यादीही बंद केली. सुधारित यादी करूनही मूळ रोग हटला नाही, कारण निबंध न वाचता त्याची पारख करावी, हा हव्यासच रोगाचे मूळ होता.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने नेमके हेच बजावले: संशोधकाची नेमणूक वा बढती नियतकालिकाच्या आकड्यावर ठरवू नये, त्याच्या संशोधनाचा आशय पाहावा. निवड समितीला हे कष्टाचे वाटेल, तथापि तिचे कर्तव्यच ते आहे. वाकडच्या त्या मुलीनेही भावी मार्गदर्शकाचे दोन निबंध, दहा वर्षांच्या अंतराचे, चिकाटीने वाचावेत. पहिल्यातील अनुत्तरित प्रश्न दुसऱ्यात पुढे सरकला आहे काय हे पाहावे, आणि त्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी पुढे काय करू लागले याची खातरजमा करावी. ज्ञानाची खरी वाढ त्या पुढे सरकलेल्या प्रश्नात असते, आणि ती वाचणाऱ्यालाच कळते.